मजुरीतली दारू आणि गर्भातले मूल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

गरोदर स्त्रीने दारू पिण्यात धोका काय, हा विषय राजकीय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा विषय प्रसूतितज्ज्ञाचा, फार तर आरोग्यसेविकेचा, अशी आपली समजूत असते. दारूविषयी बोलायचेच झाले तर ते कीर्तनकाराने बोलावे, अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने नव्हे, असेही कोणी म्हणेल. परंतु जगाच्या पाठीवर एक प्रदेश असा आहे की जिथे हा प्रश्न वैद्यकाच्या पुस्तकात शिरण्याच्या कितीतरी आधी मजुरीच्या हिशेबात शिरला होता. तो प्रदेश म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील पश्चिम केप. तेथील द्राक्षमळ्यांची हकीकत नीट समजून घेतली, तर गर्भातल्या मुलाचे आरोग्य आणि मजुरीचे अर्थशास्त्र या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे ध्यानात येते.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ साली केपच्या किनाऱ्यावर ठाणे वसवले. हिंदुस्थानाकडे आणि जावा-सुमात्राकडे जाणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला, मांस व पाणी मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. १६५५ साली तेथे द्राक्षवेल लावले गेले आणि १६५९ साली पहिली द्राक्षदारू निघाली. मळे वाढू लागले तशी मजुरांची गरज वाढली. ती भागवण्यासाठी गुलाम आणले गेले. ते आफ्रिकेच्या इतर भागांतून आले, मादागास्करहून आले, आजच्या इंडोनेशियातून आले, आणि बंगाल, मलबार व कोरोमंडल किनाऱ्यांवरूनही आले. आज पश्चिम केपच्या मळ्यांवर राबणाऱ्या ज्या समाजाला तेथे 'कलर्ड' म्हणतात, त्याच्या रक्तात खोइ-सान या मूळ रहिवाशांबरोबर या गुलामांचेही रक्त आहे. म्हणजे ही कथा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

या मळ्यांवर एक प्रथा रूढ झाली. तिला 'डॉप' पद्धत म्हणतात. 'डॉप' म्हणजे दारूचा घोट. सकाळी कामाला लागताना मजुराच्या हाती द्राक्षदारूचे टमरेल द्यायचे, मग दिवसभरात ठराविक वेळी पुन्हा पुन्हा द्यायचे, आणि संध्याकाळी काम सुटताना शेवटचे. ही दारू त्याच्या मेहनतान्याचाच भाग समजली जाई. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ साली सक्तीच्या उमेदवारीची मुदतही सरली. पण टमरेल सुटले नाही. उलट, मजूर कायद्याने मोकळा झाल्यावर त्याला मळ्यावर बांधून ठेवण्यासाठी ते अधिकच उपयोगी पडू लागले.

या पद्धतीमागचे अर्थशास्त्र अगदी साधे आहे. मळेवाल्याकडे हलक्या प्रतीची दारू उरत असे. तिला बाजारात फारसा भाव नसे. रोख पैशाऐवजी ती मजुराला दिली, की न खपणारा माल खपला आणि रोख मजुरीही वाचली. शिवाय ज्याला दिवसाच्या पहिल्या घोटाशिवाय हातपाय हलवणे जमत नाही, तो मजूर दुसऱ्या मळ्यावर चार पैसे जास्त मिळतात म्हणून सहज उठून जात नाही. राहायची खोली मालकाची, दुकान मालकाचे, उधारी मालकाची आणि व्यसनही मालकानेच लावलेले. करार मोडणाऱ्या नोकराला गुन्हेगार ठरवणारे 'मालक-नोकर' कायदे दक्षिण आफ्रिकेत १९७४ सालापर्यंत होते. एका हातात कायदा आणि दुसऱ्या हातात टमरेल, अशी ती व्यवस्था होती.

मजुरीत दारू देण्यावर १९६०च्या दशकात कायद्याने बंदी आली. तरीही १९९०च्या दशकातील पाहण्यांत काही मळ्यांवर ही प्रथा चालू असल्याचे आढळले. १९९४ साली वर्णद्वेषी राजवट संपली. २००३ सालच्या मद्यविषयक कायद्याने ही प्रथा पुन्हा स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवली. आता ती जवळजवळ नाहीशी झाली आहे. पण तीनशे वर्षांत जी सवय पिढ्यानुपिढ्या मुरवली गेली, ती कायद्याच्या एका कलमाने कशी जाणार? टमरेल गेले, त्याच्या जागी चांदीच्या रंगाच्या पिशवीतली स्वस्त द्राक्षदारू आली. रोज घोटघोट पिणे गेले, त्याच्या जागी शुक्रवारी मजुरी हाती पडताच दोन दिवस बेभान होईतो पिणे आले. आणि हे पिणारे केवळ पुरुष नव्हते. मळ्यावर स्त्रियाही राबत होत्या. त्यांचे गरोदरपण मळ्यावर जात होते आणि त्यांचे पिणेही.

मुलांच्या चेहऱ्यावरून वाचलेला इतिहास

दारूचा गर्भावर दुष्परिणाम होतो ही शंका जुनीच आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये स्वस्त 'जिन'चा सुळसुळाट झाला, तेव्हा १७२६ साली लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयाने पार्लमेंटकडे अर्ज करून या दारूमुळे दुबळी व रोगट मुले जन्मतात असे निदर्शनास आणले होते. १८९९ साली लिव्हरपूलच्या तुरुंगातील डॉक्टर विल्यम सलिव्हन याने तुरुंगात येणाऱ्या १२० मद्यासक्त स्त्रियांच्या बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची मृतजात व अर्भकावस्थेत दगावलेली मुले, त्यांच्याच न पिणाऱ्या नातलग स्त्रियांच्या तुलनेत दुपटीहून अधिक होती. त्याचे एक निरीक्षण फार मोलाचे आहे. ज्या स्त्रीला गरोदरपणात तुरुंगवास घडला आणि त्यामुळे दारू सुटली, तिचे ते मूल निरोगी जन्मण्याची शक्यता वाढली. म्हणजे दोष त्या स्त्रीच्या बीजात नव्हता, तिच्या पेल्यात होता. तुरुंगाने जे तिला दिले ते तिला घरी, वस्तीत, कारखान्याच्या दारात मिळत नव्हते. समाजव्यवस्थेवर याहून कडक ताशेरा कोणता असू शकतो?

तथापि वैद्यकाने पुढील सत्तर वर्षे या प्रश्नाकडे पाठ फिरवली. इतकेच नव्हे, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अकाली प्रसूतिवेदना थांबवण्यासाठी गरोदर स्त्रीच्या शिरेतून अल्कोहोल देण्याचा उपचार रुग्णालयांत रूढ झाला. १९६८ साली फ्रान्समधील नांत येथील बालरोगतज्ज्ञ पॉल लमुआन याने मद्यासक्त माता-पित्यांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते फ्रेंच भाषेतल्या एका प्रादेशिक नियतकालिकात आले आणि तेथेच राहिले. १९७३ साली अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह मद्यासक्त मातांच्या आठ मुलांमध्ये तीच लक्षणे पाहिली आणि त्या लक्षणसमूहाला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम', म्हणजे गर्भस्थ मद्य-विकार, हे नाव दिले. मग मात्र जग जागे झाले. १९८१ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलने गरोदर स्त्रियांनी दारू पिऊ नये असा सल्ला प्रसिद्ध केला आणि १९८९ पासून तेथे बाटलीवर तशी सूचना छापणे सक्तीचे झाले.

हा विकार घडतो कसा? माता जे मद्य पिते ते वारेतून अडथळ्यावाचून गर्भाच्या रक्तात उतरते आणि थोड्याच वेळात त्याचे प्रमाण मातेच्या रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास पोहोचते. मातेचे यकृत ते हळूहळू विघटित करते. गर्भाच्या यकृताला ती शक्ती आलेली नसते. गर्भजलातही मद्य साचून राहते. मेंदूच्या पेशी ज्या काळात तयार होत असतात, आपापल्या जागी सरकत असतात, एकमेकींशी जोडल्या जात असतात, त्या काळात मद्य त्यांच्यातल्या कित्येकींचा नाश करते आणि कित्येकींना भलत्याच जागी थांबवते. चेहऱ्याची घडण पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यावेळी आघात झाला तर डोळ्यांच्या फटी आखूड राहतात, नाकाखालची पन्हळ सपाट होते, वरचा ओठ पातळ होतो. मूल वजनाने व उंचीने खुरटते. परंतु मेंदूची घडण नऊही महिने चालू असते. त्यामुळे धोक्यातून मोकळा असा एकही महिना नाही.

सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे. चेहऱ्यावर खूण असलेली मुले ही बाधित मुलांपैकी थोडी. बाकीची दिसायला इतर मुलांसारखीच असतात. त्यांना गणित जमत नाही, काल शिकलेले आज आठवत नाही, लक्ष एका जागी ठरत नाही, केल्या कृत्याचा परिणाम आधी सुचत नाही. शाळेत त्यांना मठ्ठ म्हणतात, घरी हट्टी म्हणतात, पुढे पोलिसचौकीत उनाड म्हणतात. त्यांच्या मेंदूवर आईच्या पोटातच आघात झालेला आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या आघातावर औषध नाही. लवकर ओळख पटली, शिक्षकाने समजून घेतले, घर स्थिर असले, तर मूल पुष्कळ सावरते. पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत.

आता पुन्हा केपकडे वळू. २००० साली तेथील एका द्राक्षमळ्यांच्या भागातील पाहणी प्रसिद्ध झाली. पाच ते नऊ वर्षांच्या दर हजार मुलांमागे ४० ते ४६ मुले या विकाराच्या पूर्ण स्वरूपाने ग्रस्त असल्याचा तिचा निष्कर्ष होता. तोवर जगात कोठेही एवढे प्रमाण नोंदले गेले नव्हते. २०१७ साली जगभरच्या अभ्यासांचा जो गोषवारा झाला, त्यात या विकाराच्या सौम्य-तीव्र सर्व प्रकारांचे जागतिक प्रमाण हजारी सुमारे ८, तर दक्षिण आफ्रिकेतील प्रमाण हजारी सुमारे १११ असे काढले गेले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लक्ष १९ हजार मुले या विकाराचे पूर्ण स्वरूप घेऊन जन्मतात. ज्या भूमीत मजुरी दारूत मोजली गेली, त्याच भूमीत मुलांची हानी सर्वाधिक असावी, हा योगायोग नव्हे.

अपराधी कोण?

येथे एक प्रश्न निकराने विचारला पाहिजे. या मुलांच्या हानीचा अपराधी कोण? सहज सुचणारे उत्तर आहे: आई. तिने प्यायला नको होते. हे उत्तर सोपे आहे आणि सोयीचे आहे. कारण त्यात मळेवाला सुटतो, दारूचा कारखानदार सुटतो, दारूच्या महसुलावर अंदाजपत्रक उभे करणारे सरकार सुटते आणि तिच्यासमोर बाटली ठेवणारा नवराही सुटतो. अमेरिकेत काही राज्यांत गरोदरपणी नशा केल्याबद्दल स्त्रियांवर खटले भरण्यात आले. परिणाम काय होतो? जिला मदतीची सर्वांत अधिक गरज आहे, तीच स्त्री दवाखान्याची पायरी चढायला भिते. शिक्षेने गर्भाचे रक्षण होत नाही. शिक्षेने गर्भ अधिक अंधारात ढकलला जातो.

शिवाय वस्तुस्थिती अशी की पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर असल्याचे पहिले पाच-सहा आठवडे कळतही नाही. पाळी अनियमित, पोटाला अन्न अपुरे, तपासणीचे केंद्र कोसभर दूर, अशा मजूर स्त्रीला ते त्याहूनही उशिरा कळते. उपासमार आणि मद्य यांची गाठ पडली की गर्भाची हानी वाढते, हेही आता स्पष्ट झाले आहे. म्हणजे एवढेच मद्य सुखवस्तू घरातल्या स्त्रीने घेतले आणि अर्धपोटी स्त्रीने घेतले, तर दुसरीच्या मुलाला धोका अधिक. निसर्गाचा नियम दोघींना एकच असतो, पण त्या नियमाची किंमत वर्गानुसार वसूल होते.

अर्थात याचा अर्थ असा नव्हे की व्यवस्थेवर बोट ठेवले म्हणजे व्यक्तीची जबाबदारी संपली. पुरोगामी म्हणवणाऱ्यांत दुसराही एक मोह असतो. कोणी काय प्यावे हा ज्याच्या त्याच्या खाजगी आयुष्याचा प्रश्न, असे म्हणून ते मोकळे होतात. जो पेला दोन जीवांच्या रक्तात उतरतो आणि त्यातल्या एकाची संमती कधी विचारलेलीच नसते, तो पेला निव्वळ खाजगी म्हणता येत नाही. आईला दोषी धरायचे नाही आणि मुलाच्या हानीकडे डोळेझाकही करायची नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणे हीच या प्रश्नातली खरी कसोटी आहे.

आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली 'कल्याणाचे अर्थशास्त्र' हा ग्रंथ लिहिला. मालकाच्या वहीत दिसणारा नफा आणि समाजाला प्रत्यक्ष होणारा लाभ यांत तफावत असू शकते, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. ही तफावत समजावताना त्याने जी उदाहरणे घेतली, त्यांत एक मादक पेयांच्या धंद्याचे आहे, कारण त्या धंद्यापायी पोलीस आणि तुरुंग यांचा खर्च समाजाला करावा लागतो. दुसरे उदाहरण प्रसूतीच्या आगेमागे कारखान्यात राबणाऱ्या स्त्रियांचे आहे, कारण त्या कामाची किंमत त्यांच्या मुलांच्या आरोग्यातून चुकती होते. पिगूने ही दोन उदाहरणे वेगवेगळी दिली. केपच्या मळ्यावर ती एकत्र आली. मळेवाल्याच्या वहीत टमरेलाची किंमत जवळपास शून्य होती. तिची खरी किंमत मुलाच्या मेंदूत, शिक्षकाच्या वर्गात, आजीच्या झोपडीत आणि पुढे तुरुंगाच्या कोठडीत मोजली गेली. ज्याने नफा घेतला त्याने ती भरली नाही आणि ज्यांनी भरली त्यांच्या वाट्याला नफा कधी आला नाही.

कामगार चळवळीने हा धडा फार पूर्वी ओळखला होता. मजुरी रोख पैशात मिळाली पाहिजे, वस्तूंत नव्हे, यासाठी इंग्लंडमधील कामगार झगडले. त्याविषयीचा कायदा १८३१ साली झाला. दारूच्या गुत्त्यात मजुरी वाटण्यास १८८३ साली तेथे बंदी झाली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९४९ साली वेतनसंरक्षणाचा ९५ क्रमांकाचा करार मंजूर केला. अधिक मद्यांश असलेली दारू किंवा घातक नशिले पदार्थ वेतन म्हणून कोणत्याही परिस्थितीत देता येणार नाहीत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे रोख मजुरीचा हक्क हा केवळ पैशाचा हक्क नाही. तो शुद्धीवर राहण्याचाही हक्क आहे.

पगारवाढ आणि प्रबोधन

२०१२ सालच्या नोव्हेंबरात पश्चिम केपच्या डी डोर्न्स या द्राक्षउत्पादक भागात शेतमजुरांनी संप पुकारला. त्यांची किमान मजुरी दिवसाला ६९ रँड होती, त्यांची मागणी १५० रँडची होती. संप पसरला, चिघळला, त्यात माणसे दगावली. २०१३ सालच्या मार्चपासून किमान मजुरी १०५ रँड झाली. मागितले तेवढे मिळाले नाही. पण ज्यांच्या पूर्वजांना टमरेलावर राबवले, त्यांनी रोख मजुरीसाठी रस्ता अडवला, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याच देशात प्रबोधनाचेही काम झाले. उत्तर केप प्रांतातील दे आर या रेल्वे जंक्शनच्या गावी सामाजिक कार्यकर्ते घरोघर गेले, दवाखान्यांत बोलले, गरोदर स्त्रियांशी मायेने संवाद साधला, शाळांतून आणि सभांतून माहिती दिली. या कामानंतर तेथील मुलांमध्ये या विकाराचे एकूण प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मात्र हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की सर्वांत तीव्र स्वरूपाच्या विकारात तशी घट दिसली नाही. ज्या स्त्रिया व्यसनात पूर्ण बुडालेल्या असतात, त्यांच्यापर्यंत नुसते शब्द पोहोचत नाहीत. त्यांना उपचार लागतो, निवारा लागतो, मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून संरक्षण लागते आणि हाताला काम लागते.

आपल्याकडची स्थिती

आपल्याकडे काय? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के, तर स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का दारू पितात. हा एक टक्का ऐकून कोणी सुटकेचा निःश्वास टाकील. पण सरासरीच्या आकड्यात माणसे लपतात. त्याच पाहणीत अनुसूचित जमातींच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ६ टक्के, तर अरुणाचल प्रदेशातील स्त्रियांमध्ये सुमारे २४ टक्के आहे. शिवाय त्याच पाहणीनुसार देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. कमी आकड्यावर समाधान मानण्याचे हे दिवस नाहीत.

मध्य भारतातल्या आदिवासी समाजात मोहाच्या दारूला सण-विवाहात, देवकार्यात, मृत्यूच्या विधीत स्थान आहे. तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार शहरी कार्यकर्त्याला नाही. परंतु विधीतली दारू वेगळी आणि ठेकेदाराने बाजारात ओतलेली दारू वेगळी, हा भेद आदिवासींनीच केलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यात स्त्रियांच्या व तरुणांच्या आंदोलनातून १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपूर जिल्ह्यात स्त्रियांनी दीर्घ लढा दिल्यावर २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली ती उठवली गेली. बंदी असावी की नसावी, यावर या अभ्यासवर्गातही मतभेद असतील आणि ते असायला हरकत नाही. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. या लढ्यांत स्त्रिया नवऱ्याच्या व्यसनाविरुद्ध, मारहाणीविरुद्ध, बुडालेल्या मजुरीविरुद्ध बोलल्या. गर्भातल्या मुलाच्या हानीचा मुद्दा त्या लढ्यांच्या घोषणांत क्वचितच आला, कारण ते ज्ञान त्यांच्यापर्यंत कोणी नेलेच नव्हते. ते नेणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

महाराष्ट्राला या विचाराची परंपरा आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. स्त्रीचे बाळंतपण ही तिची एकटीची उठाठेव नव्हे, ते समाजाचे देणे आहे, हा विचार त्यामागे होता. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने पोषण, सार्वजनिक आरोग्य आणि मादक पेयांचे नियंत्रण ही तिन्ही कर्तव्ये एकाच वाक्याच्या ओघात राज्याकडे सोपवली आहेत. घटनाकारांनी जी सांगड घातली ती सरकारी खात्यांनी तोडली. महसूल एका खात्यात जमा होतो, कुपोषण दुसऱ्या खात्यात नोंदले जाते आणि दोन्ही वह्या एकमेकींना कधी भेटत नाहीत.

२०१९ सालापासून आपल्याकडे दारूच्या बाटलीवर सावधगिरीची सूचना छापणे बंधनकारक झाले. त्या सूचनेत मद्यपान आरोग्यास घातक आहे आणि पिऊन वाहन चालवू नये, एवढे सांगितले आहे. रस्त्यावरच्या अपघाताची आठवण कायद्याला झाली. गर्भातल्या अपघाताची झाली नाही. ही दुरुस्ती मागण्यासाठी फार मोठ्या आंदोलनाची गरज नाही, पण मागणी तरी झाली पाहिजे. अर्थात मोहाच्या हातभट्टीच्या बाटलीवर कोणतीच चिठ्ठी नसते. तेथे माणसानेच माणसाला सांगावे लागते.

काय सांगावे, कसे सांगावे

वस्तीत जाऊन बोलताना चार गोष्टी नेमकेपणाने सांगाव्यात. पहिली, गरोदरपणात सुरक्षित ठरावी अशी दारूची मात्रा वैद्यकाला ठाऊक नाही. म्हणून मूल हवे असेल तेव्हापासूनच ती टाळावी. दुसरी, बिअर, ताडी, मोहाची, विलायती असा भेद गर्भाला कळत नाही. मद्यांश सर्वांत एकच. आसवे आणि अरिष्टे यांतही आंबवण्याच्या क्रियेतून मद्यांश तयार होतो, तेव्हा गरोदरपणी ती मनाने घेऊ नयेत, डॉक्टरला किंवा वैद्याला विचारावे. तिसरी, आधी प्यायले गेले असेल तर सारे संपले असे नाही. ज्या दिवशी थांबेल त्या दिवसापासून लाभ आहे. चौथी, जिला रोजची सवय आहे तिने एकाएकी बंद केल्यास फेपरे येण्यासारखे गंभीर त्रास उद्भवू शकतात. तिला दवाखान्यातच नेले पाहिजे.

कोणी म्हातारी उठून विचारील, 'आम्ही प्यायलो, आमची पोरं धडधाकट झाली, त्याचं काय?' तिची थट्टा करू नये. ती खरेच बोलत असते. प्रत्येक मुलाला हानी होतेच असे नाही. किती प्यायले, कोणत्या महिन्यात प्यायले, पोटात अन्न किती होते, घडण कशी होती, यावर ते अवलंबून असते. रूळ ओलांडणारा प्रत्येक जण गाडीखाली येत नाही, म्हणून कोणी मुलाला रुळावर खेळायला पाठवत नाही. एवढे सांगितले तर म्हातारी समजेल आणि सुनेला तीच सांगेल. तिचे सांगणे कार्यकर्त्याच्या सांगण्यापेक्षा दसपट मोलाचे ठरेल.

आणि सभेला बायका बोलावल्या तर पुरुषांनाही बोलवावे. नवरा रोज घरात बाटली आणणार आणि गरोदर बायकोने मात्र व्रतस्थ राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. नऊ महिने ती पिणार नसेल तर त्याने तरी का प्यावे, हा प्रश्न भर सभेत, सर्वांदेखत विचारला गेला पाहिजे.

मित्रहो, केपच्या मळ्यांतील टमरेल आज वस्तुसंग्रहालयात ठेवण्याजोगी गोष्ट झाली आहे. परंतु जेथे जेथे मजुरी अपुरी आहे, मजूर कर्जात बांधलेला आहे आणि मजुरीच्या दिवशी गुत्ता दाराशी येऊन उभा राहतो, तेथे तेथे ते दुसऱ्या रूपात शिल्लक आहे. समाजवादाची मांडणी करताना माणसाला जन्मतः समान संधी मिळावी असे म्हटले जाते. पण ज्या मुलाची संधी जन्माच्या आधीच कापली गेली, त्याला जन्मतः समान म्हणण्यात काय अर्थ आहे? समतेचा लढा पाळण्यापासून सुरू होतो, असे मानले जात आले. तो त्याहूनही नऊ महिने आधी सुरू करावा लागेल.